कॅप्टनची पोरगी: हुकायला जागाच नसलेल्या एका खेळाडूचं प्रकरण

आधीच सांगते, यात घरातल्या कोणाचंच नाव नाही, शाळेचं नाही, क्लबचं नाही. पोरगी अजून शिकतेय, तिला उद्या कोणी विचारू नये म्हणून एक-दोन बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात, पण तिचे आईवडील आणि ती स्वतः, तिघांनी वाचून हो म्हणल्यावरच हे टाकतेय. मी नांदेडला शाळेत पीटी घेते, मुलींची बास्केटबॉल टीम माझ्याकडं आहे, आणि खेळाडूंच्या लेकरांचं हे प्रकरण नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस वाटत होतं कारण आपल्याकडं यावर कोणी बोलतच नाही.

तर वडील. आमच्या भागात बास्केटबॉल खेळलेल्या कुठल्याही माणसाला नुसतं 'कॅप्टन' म्हणलं की हाच माणूस. तालुक्याच्या गावातलं शेतकऱ्याचं पोरगं, सहा फूट तीन इंच, स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागलं, मुंबईला गेलं, कितीतरी वर्षं सिनियर नॅशनल खेळलं, इंडिया कॅम्पला गेलं. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळात आमच्याकडचा माणूस एवढा वर गेला की त्याचं काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. सलूनमध्ये फोटो, गणपतीत सत्कार, कुठल्याही स्पर्धेच्या उद्घाटनाला पहिला बॉल यांच्याच हातात. नंतर बदली करून घेऊन ते नांदेडला आले, आईवडील म्हातारे झाले होते म्हणून, तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती आणि धाकटा अजून झालेला नव्हता.

कल्याणच्या रेल्वे कॉलनीत ती कुणाची कोण लागत नव्हती. तिथं प्रत्येक दुसऱ्या घरात कोणीतरी कोट्यातून लागलेलं, कोणाचे वडील कबड्डीवाले, कोणाची आई धावणारी, सगळ्यांची लेकरं खाली एकत्र खेळायची. नांदेडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेच्या गेटवरच्या मामांनी तिला 'कॅप्टनची पोरगी' म्हणलं आणि तिथून पुढं तिचं नाव तेच झालं. अजून तिनं बॉल हातात घेतलेला नव्हता.

मला ह्या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मोठ्या शहरात प्रसिद्ध माणसाच्या लेकराला गर्दीत मिसळता येतं, दुसऱ्या एरियात जाऊन खेळता येतं. आमच्याकडं बऱ्या अवस्थेतलं कोर्ट म्हणजे हाताच्या बोटावर मोजण्याएवढं, आणि त्या प्रत्येक कोर्टच्या कट्ट्यावर बसणारी तीच ती माणसं, त्यातली निम्मी तिच्या पप्पांसोबत खेळलेली. शिकणारं लेकरू हजार वेळा हुकतं, हुकलंच पाहिजे, त्याशिवाय हात बसत नाही. बाकीच्या पोरी हुकल्या की कोणाचं लक्ष पण नसतं. ही हुकली की कट्ट्यावरून आवाज यायचा, "अगं कॅप्टनची पोरगी ना तू, काय खेळायलीस हे!" चिडवायला नाही बरं का, कौतुकानंच, प्रेमानंच. पण दहा वर्षांच्या लेकराला त्यातलं प्रेम ऐकू येत नाही.

ती माझ्याकडं कशी आली

अंडर सतराच्या जिल्हा स्पर्धेची फायनल, ती तेव्हा चौदाची. एक पॉइंटनं मागं, शेवटचे काही सेकंद, हिला फाउल मिळाला, दोन फ्री थ्रो. फ्री थ्रो म्हणजे बोर्डापासून ४.६० मीटरवर उभं राहायचं, समोर कोणी नाही, पाच सेकंदांच्या आत बॉल सोडायचा, सगळ्यांनी फक्त तुझ्याकडं बघायचं. दोन्ही हुकले. मॅच गेली. असं रोज कुठं ना कुठं होतं. पण कोणीतरी मोबाइलवर शूट करत होतं आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ नांदेडच्या प्रत्येक स्पोर्ट्स ग्रुपवर, खाली लिहिलेलं, कॅप्टनच्या पोरीनं मॅच सोडली. तिच्या वर्गातल्या पोरांकडं, मामाच्या गावाला, सगळीकडं तो पोचला. रात्री तिच्या आज्जीला पण कोणीतरी दाखवला.

त्यानंतर मॅचच्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागलं. आधी मॅचच्या दिवशी, मग प्रॅक्टिसच्या दिवशी, मग शाळेच्या दिवशी पण. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, काही नाही निघालं. ताई, म्हणजे तिची आई, मला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हिला खेळायचं नसेल तर नको खेळू दे, मी ह्यांना सांगते. पण ती तसं पण म्हणत नाही हो. रात्री बॉल उशाला घेऊन झोपते."

ह्या एका वाक्यामुळं मी ठरवलं की खेळ बंद करायचा सल्ला द्यायचा नाही. नातेवाईक तोच देत होते, की आता नववी आहे, खेळबिळ बास, लातूरला हॉस्टेलला टाका, नीटची तयारी सुरू करा. लोकांना वाटतं प्रसिद्ध खेळाडूच्या लेकराला खेळाचा त्रास होतोय तर खेळ काढून घ्या, प्रश्न मिटला. माझं मत उलट आहे. तिला खेळ नको नव्हता, तिला खेळायला आडोसा पाहिजे होता.

घरात काय चालू होतं

कॅप्टन वाईट बाप आहेत असं कोणाला वाटत असेल तर अजिबात नाही. ओरडणारा माणूस नाही, हात उचलणारा तर नाहीच. पोरीला मुंबईहून चांगले शूज आणून देतील, अंडी-केळी-शेंगदाणे वेळेवर, पहाटे पाचला उठून सोबत पळायला जातील. आमच्या बऱ्याच पोरी चपलेवर प्रॅक्टिसला येतात आणि घरी न सांगता येतात, त्या हिशोबानं हिला सगळं होतं. मग अडकलं कुठं?

बोलता बोलता दोन-तीन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे मॅचनंतरची गाडी. ग्राउंडवरून घरी येताना ही मागं बसायची आणि पप्पा हेल्मेटमधून सगळी मॅच सांगायचे, कुठं पाय चुकला, कुठं पास द्यायला पाहिजे होता, तिसऱ्या क्वार्टरला डिफेन्सला उशिरा का आलीस. सगळं बरोबरच असायचं, एवढा अनुभव असलेला माणूस चुकीचं कशाला सांगेल. पण घाम वाळायच्या आधी. ती मला म्हणाली, "मॅडम, मी मॅच हरले तरी मला एवढं काही वाटत नाही, पण तरोडा नाका येईपर्यंत मला वाटतं उडी मारावी." नंतर नंतर तिनं मैत्रिणीसोबत ऑटोनं येते म्हणायला सुरुवात केली होती आणि कॅप्टनला वाटलं पोरगी मोठी झाली, पप्पासोबत यायला लाजते.

दुसरी गोष्ट उंची. आख्ख्या गावाला वाटत होतं ही पण सहा फुटाची होणार. आई पाच फूट एक इंच. डॉक्टर लोक एक साधा हिशोब करतात, आईवडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवायची, मुलगी असेल तर त्यातून तेरा वजा करायचे, मुलगा असेल तर तेरा मिळवायचे आणि दोननं भागायचं. हिचं १९० अधिक १५५ वजा १३, भागिले २, म्हणजे १६६, पाच फूट पाच इंच, त्यात आठ-नऊ सेंटिमीटर इकडं-तिकडं. म्हणजे फार उंच बापाची लेकरं साधारण बापाएवढी उंच होत नाहीत, सरासरीकडं सरकतात, फ्रान्सिस गॉल्टननं हे १८८६ लाच आकडे मांडून दाखवलेलं. पण हे कोणी त्या लेकराला सांगितलेलं नव्हतं. ती रोज दाराच्या चौकटीला पेन्सिलनं खूण करायची, आणि लोंबकळायची, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून अश्वगंधा दुधातून घ्यायची. चौदाव्या वर्षी १५८ होती, म्हणजे आमच्या टीममध्ये चांगली उंच, पण तिच्या डोक्यात ती बुटकी.

आणि ह्यातूनच तिसरं निघालं, जे मला खेळाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं वाटतं. कॅप्टन आयुष्यभर पोस्टला खेळले, रिंगच्या खाली, पाठ बोर्डाकडं करून, खांद्यानं जागा करून. त्यांना जे येतं तेच त्यांनी शिकवलं. पोरीला पण पोस्टला उभं केलं. तिचा हात, तिची नजर, तिचा पास, सगळं गार्डचं आहे, म्हणजे रिंगपासून लांब राहून बॉल पुढं आणणाऱ्या, पास देणाऱ्या खेळाडूचं, ते पहिल्याच दिवशी दिसतं. आणि घरात बॉल कुठले, तर पप्पांचे, सात नंबरचे, म्हणजे सगळ्यात मोठ्या मापाचे. पुरुषांचा सात नंबर, मुलींचा सहा, आणि लहान लेकरांना तर पाच नंबरच द्यायला पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या हातात सात नंबर दिला की लेकरू कमरेपासून दोन्ही हातानं बॉल ढकलतं, रिंग ३.०५ मीटरवर, तिथपर्यंत पोचवायला दुसरा मार्गच नसतो. ती सवय तिच्या शूटमध्ये राहिलेली होती. फायनलचे ते दोन फ्री थ्रो नुसते घाबरून हुकले नव्हते, त्यात ह्या बॉलचा पण वाटा होता.

स्टीफन करीचं पण असंच होतं, हे मी कॅप्टनना सांगितलं. आज तो बास्केटबॉलमधला मोठा शूटर. त्याचे वडील डेल करी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, सोळा सीझन खेळलेले, तेही नावाजलेले शूटर, आणि पोरगा बारीक, ताकद नाही म्हणून कमरेजवळून शूट मारायचा. हायस्कूलला असताना डेलनी त्याचा आख्खा शूट मोडून नव्यानं बसवला, एका उन्हाळ्यात, घरच्या अंगणात. त्या काळात त्याला लांबून बॉल पोचवताच येत नव्हता, तो स्वतः सांगतो की खेळायला लागल्यापासूनचा सगळ्यात वाईट उन्हाळा तो. पण माझ्या दृष्टीनं त्यातली मोठी गोष्ट अंगण ही आहे. तिथं बघायला कोणी नव्हतं.

कॅप्टनसोबतचं बोलणं

त्यांच्याशी बोलायला मला अवघड गेलं, खोटं कशाला बोलू, मी स्वतः लहानपणी त्यांची मॅच बघायला कंपाउंडवर चढलेली आहे. ते आले, खुर्चीत मावत नाहीत, हात जोडून बसले. म्हणाले, "मॅडम, माझं काय चुकायलंय ते सांगा, मी सुधारतो."

मी त्यांना विचारलं की तुम्ही कुठं शिकलात. मग ते खुलले. गावातल्या शाळेच्या मागं मातीचं ग्राउंड, वेल्डिंगवाल्यानं लोखंडी सळईची रिंग करून दिलेली, जाळी नाही, बोर्ड म्हणजे फळ्या ठोकलेल्या, पावसाळ्यात चिखल. वडील शेतात, कापूस आणि तूर, पोरगा काय खेळतो ते त्यांना माहीत पण नव्हतं. रेल्वेत लागल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं की हे बास्केट काय असतंय. मी म्हणलं, मग तिथं किती हुकत होतं तुमचं? ते हसले, "अवो, सुरुवातीचं एक वर्ष तर काहीच जात नव्हतं. कोण मोजायलंय तिथं? म्हशी होत्या बघायला."

आणि मग तेच थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या लेकराला एक दिवस पण असा भेटला नाही."

मी काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. एवढंच सांगितलं की हे फक्त तुमच्या घरात नाही. मायकल जॉर्डन, एनबीएच्या सहा चॅम्पियनशिप जिंकलेला माणूस, त्याची दोन पोरं जेफ्री आणि मार्कस कॉलेजला बास्केटबॉल खेळली, एनबीएपर्यंत कोणी गेलं नाही, आणि २००९ ला हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या सन्मानाच्या, भाषणात त्यानं सगळ्यांसमोर पोरांना सांगितलं की तुमच्यावर मोठं ओझं आहे, मला तुमच्या जागी असायला आवडलं नसतं. लेब्रॉन जेम्स, एनबीएतला दुसरा मोठा खेळाडू, त्याला आईनं एकटीनं वाढवलं, बाप नव्हता, म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं पोराला स्वतःचंच नाव दिलं, आणि २०१८ ला उघड बोलला की त्याचा आता पस्तावा होतो. तो पोरगा ब्रॉनी, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पंचावन्नाव्या नंबरला घेतला गेला, बापाच्याच टीमनं घेतलं, २२ ऑक्टोबर २०२४ ला बापलेक एका मॅचमध्ये सोबत उतरले, एनबीएत असं पहिल्यांदाच झालं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत लोक एकच बोलतात, बापामुळं आला. त्याच्या आदल्याच वर्षी प्रॅक्टिस करताना त्याचं हृदय बंद पडलं होतं, त्यातून उठून तो परत खेळायला लागला, ते कोणी धरत नाही.

नावावरून एक सांगायचं राहिलं. लेब्रॉननं मुद्दाम दिलं, आपल्याकडं तर प्रत्येक लेकराच्या नावात मधोमध बापाचं नाव असतंच. फॉर्मवर, सर्टिफिकेटवर, स्कोरशीटवर. मॅच सुरू व्हायच्या आधी माइकवरून हिचं पूर्ण नाव पुकारलं जायचं आणि मधलं नाव आलं की टाळ्या पडायच्या. म्हणजे तिनं अजून एक पास पण दिलेला नाही आणि टाळ्या झाल्या, आणि त्या तिच्या नव्हत्या. शासनानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी आईचं नाव लावायचं केलंय, ते चांगलंच झालं, पण हिच्या काही उपयोगाचं नाही.

मग काय केलं

जे केलं ते फार मोठं काही नाही. पहिलं म्हणजे जागा शोधली. एका कॉलेजच्या मागं जुनं सिमेंटचं कोर्ट आहे, रिंग थोडी वाकलेली, तिकडं कोणी फिरकत नाही. तिथल्या सरांना विनंती केली, पहाटेची वेळ मिळाली. ती, तिची आई आणि मी. वडील नाहीत. ताईंना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही आणि तेच पाहिजे होतं, त्या बॉल परत देत होत्या आणि स्वेटर विणत होत्या. सहा नंबरचा नवा बॉल. रिंगच्या अगदी जवळून एका हातानं शूट, तिथून हळूहळू मागं. एप्रिलमध्ये आमच्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, सकाळी साडेआठनंतर सिमेंटवर पाय ठेववत नाही, त्यामुळं जे काही ते सूर्य वर यायच्या आत.

सुरुवातीला ती प्रत्येक हुकलेल्या बॉलनंतर मागं वळून बघायची. कोणी नाही. तरी बघायची. ती सवय जायला उन्हाळा जवळपास संपला. तेव्हा मी फ्री थ्रो मोजले होते, एकटी असली की दहातले सात, आणि एक दिवस कॅप्टन डबा द्यायला म्हणून आले, कंपाउंडला टेकून उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत, तर दहातले तीन. त्यांनी स्वतः ते पाहिलं आणि डबा ठेवून निघून गेले. मला वाटतं त्या दिवशी त्यांना जे कळलं ते माझ्या बोलण्यातून कळलं नव्हतं.

गाडीवरचं बोलणं बंद केलं. नियम एकच, घरी येताना मॅचचा विषय तिनं काढला तरच. सुरुवातीला कॅप्टनची फार घालमेल व्हायची, ताई सांगतात घरी येऊन बाथरूममध्ये एकटेच बोलायचे. मी त्यांना एनबीएतल्या कोबी ब्रायंटची गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली. कोबी दहा-बारा वर्षांचा, वडील जो ब्रायंट एनबीए खेळून मग इटलीत खेळायला गेलेले, पोरगा उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या सनी हिल लीगमध्ये खेळला, जिथं त्याच्या बापाचं मोठं नाव होतं, आणि आख्ख्या उन्हाळ्यात एक पॉइंट केला नाही, शून्य. तेव्हा बापानं त्याला सांगितलं की तू शून्य कर नाहीतर साठ, माझी माया तेवढीच राहणार. कोबी मोठा झाल्यावर म्हणायचा की त्या एका वाक्यामुळं मला हुकायची भीती गेली. कॅप्टननी हे पोरीला जसंच्या तसं नाही सांगितलं, त्यांना तसं बोलता येत नाही. त्यांनी एके रात्री जेवताना म्हणलं, "तू नाही खेळलीस तरी मी तुझा बाप हावच की." पोरगी म्हणाली, "मला माहितीय पप्पा," आणि भाकरी घेतली. ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टवर सांगितलं.

पोस्टवरून तिला गार्डला आणलं. गार्डचं शिकवायला मी आमच्या एका जुन्या मुलीला बोलावलं, विद्यापीठ खेळलेली, आता बँकेत आहे. यात एक फायदा असा झाला की कॅप्टनना गार्डचं तेवढं येत नाही, आणि पोरीला पहिल्यांदा असं काहीतरी आलं जे पप्पांना येत नाही. एक दिवस ती त्यांना पिक अँड रोलमध्ये, म्हणजे सोबतची खेळाडू आडवी उभी राहून समोरचीला अडवते आणि मग रिंगकडं पळते त्या खेळीत, गार्डनं कुठं बघायचं ते अंगणात समजावून सांगत होती आणि ते खरंच लक्ष देऊन ऐकत होते.

निवड समितीत कॅप्टनचं नाव दरवर्षी असायचं. त्यांनी त्या वर्षी लेखी कळवून नाव काढून घेतलं, आणि ती सतराखालची असेपर्यंत मुलींच्या कुठल्याच निवडीला मी बसणार नाही असं कळवलं. लोकांना हे आवडलं नाही, काही जण म्हणाले एवढा मोठा माणूस नसेल तर निवडीला अर्थ काय. माइकवाल्यांना मी सांगितलं की सगळ्याच मुलींचं फक्त पहिलं नाव आणि जर्सी नंबर घ्या. सगळ्यांचंच, म्हणजे हिच्यासाठी वेगळं काही केल्यासारखं होणार नाही.

दुसरी पोरगी

हे लिहिलं नाही तर प्रकरण अर्धवट राहील. टीममध्ये अजून एक मुलगी आहे, ऑटो चालवणाऱ्या माणसाची पोरगी, हिच्यापेक्षा दोन बोटं उंच आणि खरं सांगायचं तर हातानं हिच्यापेक्षा सरस. आमची ही सगळी धावपळ ती बघत होती. एक दिवस मला म्हणाली, "मॅडम, तिचं हुकलं तर तिच्यासाठी वेगळं कोर्ट भेटतंय. माझं एकदा हुकलं की माझे अब्बा म्हणतेत, बस झालं, घरी बस."

मला उत्तर सुचलं नाही, कारण ती खरं बोलत होती. प्रसिद्ध बापाच्या लेकराला ओझं असतं हे खरं, पण त्याच बापामुळं त्याला परत परत संधी मिळते हे पण तेवढंच खरं, आणि ते नाकारून ह्या विषयावर लिहिणं मला बेइमानी वाटते. खेळाचे दहावीला वाढीव गुण कसे घ्यायचे, सर्टिफिकेट कुठं पडताळून घ्यायचं, सरकारी नोकरीतला पाच टक्के खेळाडू कोटा कसा चालतो, हे कॅप्टनच्या घरात जेवताना बोललं जातं. त्या दुसऱ्या मुलीच्या घरात हे कोणाला माहीतच नाही. त्यानंतर मागच्या कोर्टवर पहाटे दोघी यायला लागल्या. आणि कॅप्टन त्या मुलीच्या अब्बांना जाऊन भेटले, त्यांच्या ऑटोत बसून, चहा पीत, कोट्याचं सगळं समजावून आले. तिथं मात्र त्यांच्या नावाचा पुरेपूर उपयोग झाला, अब्बा म्हणाले कॅप्टनसाहब खुद आए हैं तो खेलने दो. ह्या दोघींना एकत्र आणल्याचा आणखी एक परिणाम असा की कट्ट्यावरच्या लोकांना बघायला दोन पोरी झाल्या.

पुढं काय झालं

पुढच्या वर्षी जिल्हा जिंकलो, विभागाला लातूरला गेलो, सेमीफायनलला हरलो. त्या मॅचमध्ये हिला चार फ्री थ्रो मिळाले, दोन गेले, दोन हुकले. हुकल्यावर ती मागं पळाली डिफेन्सला, कुठंच वळून बघितलं नाही. आमच्यासाठी ती मॅच तिथंच जिंकल्यासारखी होती. शकील ओ'नील एनबीएतला एवढा मोठा खेळाडू, त्याचे आख्ख्या कारकिर्दीत शंभरातले साधारण ५३ फ्री थ्रो गेले आणि बाकीचे हुकले, हे तिला पाठ आहे, कोणी विचारलं की तेच सांगते. राज्याच्या टीममध्ये तिची निवड झाली नाही, दुसरीची झाली. ही दोन दिवस रडली, ते साहजिक आहे, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचे शूज दुसरीच्या पायात बसतात का बघायला शूजचा डबा घेऊन गेली कारण राज्याला जायचं म्हणजे चांगले शूज पाहिजेत.

पोटाचं दुखणं एकदम गेलं असं नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी परत आलं. व्हिडिओ अजून पण कधीतरी कोणीतरी टाकतं. आज्जी अजून म्हणतेच, "माय, बापावर गेली नाही उंचीला." कट्ट्यावरच्या लोकांनी बोलणं सोडलेलं नाही, फक्त कॅप्टन आता तिथं बसत नाहीत, ते वरच्या पायरीवर कोपऱ्यात बसतात आणि दोन्ही टीमच्या चांगल्या पासला टाळ्या वाजवतात. आता ती अकरावीला आहे, सायन्स, उंची १६४, पुढं खेळणार की नाही ते तिनं अजून ठरवलेलं नाही आणि घरात कोणी विचारत पण नाही.

धाकटा आता सहा वर्षांचा झालाय. बापासारखाच लांब हातापायाचा, आणि लोकांनी त्याला आत्ताच 'छोटा कॅप्टन' म्हणायला सुरुवात केलीय. त्याला मात्र बास्केटबॉलमध्ये काडीचा रस नाही, तो दिवसभर गल्लीत पाठशिवणी खेळतो आणि कोणाच्या हाताला लागत नाही. मी घरच्यांना म्हणलं याला खो-खोला टाकून बघा, आपल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० ला खो-खोसाठीच अर्जुन पुरस्कार मिळाला, आपल्या मातीत हा खेळ आहे. कॅप्टन थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "खो-खोतलं मला काहीच कळत नाही." ताई लगेच म्हणाल्या, "मग तर बरंच आहे." मे महिन्यातल्या कॅम्पला त्याचं नाव घातलंय.